मोतिया ओळखणारा पुना

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पहिल्या चढावर आंबाझिरी म्हणून चाळीसेक घरांचा पाडा आहे. पुना पावरा तिथला. रोशा गवताचं तेल काढणं हा त्याचा धंदा. दिवाळीच्या आगेमागे हे गवत डोंगरावर फुलोऱ्यावर येतं. ते कापायचं, पाण्यासोबत मोठ्या भांड्यात कोंबायचं, खालून जाळ लावायचा आणि वाफ नळीतून गार पाण्यात न्यायची. मग पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. त्याला गुलाबासारखा वास येतो. गावातली म्हातारी माणसं ते गुडघ्यांना चोळतात, आणि लांबचे अत्तरवाले डबे भरून नेतात.

पुनाचा बाप दोंडाईच्याच्या रतिलाल शेठच्या भट्टीवर जाळ घालता घालता म्हातारा झाला. सगळ्या डोंगराच्या गवताचा ठेका शेठकडे असायचा. पुना आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकला, मग बापाच्या जागी उभा राहिला. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. सव्विसाव्या वर्षी त्याने वनखात्याच्या रेंज कचेरीचे अकरा हेलपाटे घातले आणि पाड्यामागच्या एका उतारावरचं गवत कापण्याचा पास स्वतःच्या नावावर करून आणला. धुळ्याच्या भंगारातून डांबराचा एक पिंप आणला, तो आठ दिवस राखेने घासला आणि ओढ्याकाठी स्वतःची भट्टी लावली. पाड्यात कोणी असं केलेलं नव्हतं. रतिलाल शेठ हसला म्हणतात. पण त्या वर्षी पुनाचं तेल शेठच्या तेलापेक्षा चढ्या भावाने गेलं.

यात माझा संबंध आला तो १९८७ साली. मी शालिग्राम चौधरी, मूळचा यावल तालुक्यातला, केळीवाल्या घरातला. पण उभी हयात जळगावच्या एका तेल कारखान्यात बॉयलरपाशी गेली. निवृत्त झालो आणि मुलाकडे धुळ्याला राहायला आलो. रिकामपण खायला उठलं होतं. तेव्हा गिरधर शिनकर वकिलांनी मला उद्यमसखा मंडळात ओढलं. मंडळात डॉक्टर होते, वकील होते, एक-दोन प्राध्यापक होते. धंदा करणाऱ्या आदिवासी माणसाला आपलं ज्ञान फुकट द्यायचं, महिन्यातले दोन रविवार त्याच्यासाठी काढायचे, असा नेम.

"पैसा कोणीही देतो, चौधरी," वकील म्हणाले. "आपण आपलं डोकं द्यायचं."

मला ते पटलं. अजूनही त्यात वावगं वाटत नाही, हीच माझी अडचण आहे.

पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा पुनाने गवताच्या दोन पेंढ्या माझ्यासमोर टाकल्या.

"सांगा साहेब, मोतिया कोनता नि सोफिया कोनता?"

मला दोन्ही सारख्याच दिसल्या. बेबाबाई, त्याची बायको, तोंडाला पदर लावून हसली. पुनाने एका पेंढीतलं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. "हाई मोतिया शे. उघड्या डोंगरवर, उन्हमा वाढस. अत्तरवाला याच मागस. हाई दुसरं सोफिया. झाडीमा, वल्या जागामा येस. याना वास अद्रकसारखा शे. याना भाव निम्मा."

त्या दिवशी मी त्याला बॉयलर शिकवायला गेलो होतो आणि गवत शिकून आलो.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, हे कबूल केलं पाहिजे. पुनाच्या पिंपात गवत आणि पाणी एकत्र उकळायचं, त्यामुळे तळाचं गवत करपायचं आणि तेलाला जळका वास लागायचा. मी वाफ वेगळी तयार करून गवतातून सोडायची भट्टी आखली. पत्रा कापण्यापासून नळ्या वळवण्यापर्यंत सगळं आम्ही दोघांनी केलं. एकदा झाकणाचा जोड वाफेने उडाला आणि पुनाचा हात कोपरापर्यंत भाजला. मी घाबरून गेलो. तो ओढ्यात हात बुडवून बसला आणि म्हणाला, "आबा, जोड उजवीकडथून गया. तठे आखो एक बोल्ट जोयजे." बोल्ट खरोखरच तिथेच कमी होता.

तोवर मी साहेबाचा आबा झालो होतो. बेबाबाई मला ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढायची, आणि मी जेवल्याशिवाय पुना जेवायचा नाही. नव्या भट्टीत तेल जवळजवळ सव्वापट उतरू लागलं आणि जळका वास गेला. पाड्यातली सहा घरं पुनासाठी गवत कापू लागली. मजुरी किती द्यायची ते पुना ठरवायचा, आणि शेठपेक्षा जास्त ठरवायचा.

मग १९८९ मध्ये वकिलांनी संस्था काढायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकटा माणूस किती वाढणार? नोंदणीकृत संस्था असली की सरकारी योजना मिळते, बँक दारात उभी करते. सगळी कागदपत्रं त्यांनी स्वतः तयार केली, एक पैसा घेतला नाही. त्यात गवताचा पासही संस्थेच्या नावावर करायचा होता. सहीच्या दिवशी पुना धुळ्याला वकिलांच्या घरी आला होता. पाय धुऊन, नवा सदरा घालून. कागद त्याने हळूहळू, बोट ठेवून वाचला.

"वकीलसाहेब, पासवर मनं नाव राहीन ना?"

"अरे, संस्थेचं नाव राहील. पण संस्था म्हणजे कोण? तूच तर संस्था!"

पुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने सही केली. आपला पास मिळायला त्याला अकरा हेलपाटे लागले होते. तो जायला एक सही लागली. पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही.

संस्थेत अध्यक्ष वकील, मी उपाध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार मंडळातलेच. पुना सभासद. बैठका धुळ्याला व्हायच्या, कारण सगळे पदाधिकारी धुळ्याचे. एस.टी. चुकली की पुना उशिरा पोचायचा आणि निर्णय झालेले असायचे. बाटलीवर चिकटवायचं लेबल असंच ठरलं. त्यावर डोक्यावर मोळी घेतलेली, दागिने घातलेली आदिवासी बाई होती. बेबाबाईने ते चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हाई कोन शे?"

१९९० च्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या एका मोठ्या अत्तरवाल्याला आम्ही नमुना पाठवला. पुनाने निवडलेला, शुद्ध मोतिया. त्याची मागणी आली ती आमच्या आवाक्याच्या दुप्पट. मंडळात आनंदीआनंद झाला. वकिलांनी होकाराचं पत्र त्याच दिवशी टाकलं, पुनाला न विचारता. मग हिशोब केला तेव्हा कळलं, संस्थेच्या उतारावर तेवढा मोतिया उगवतच नाही.

बैठकीत कोणीतरी म्हणालं, सोफिया मिसळू. दिसायला सारखंच आहे.

पुना दाराशी खुर्चीवर बसला होता. तो उभा राहिला. "असं नका करज्यात. त्या मानूस डबा उघाडताच वळखी. निम्मंच धाडा, मनं आयका. निम्मं धाडं तं पुढला साल तो परत मांगी."

"पुना, दिलेला शब्द मोडायचा का? धंद्यात शब्दाला किंमत असते," वकील म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच्या बापाची हयात आणि त्याची स्वतःची वीस वर्षं त्या गवतात गेली होती, आणि आम्ही त्याला धंदा शिकवत होतो. मला माहीत होतं तो बरोबर आहे. पण बोललो ते एवढंच, "थोडंसंच मिसळू." पुना खाली बसला.

माल महिन्याभरात परत आला. सोबत दोन ओळींचं पत्र होतं. पुन्हा व्यवहार करू नये, असं त्यात होतं.

परत आलेल्या मालाचा अहवाल तयार झाला, कारण मंडळाला वर्षाचं कामकाज दाखवायचं होतं. त्यात एक वाक्य असं होतं: "कच्च्या मालाची निवड स्थानिक कारागिराकडे असल्याने गुणवत्ता राखता आली नाही." तांत्रिक सल्लागार म्हणून खाली माझी सही हवी होती. वकील म्हणाले, "चौधरी, नाव कुठे लिहिलंय? आणि त्याला काय फरक पडतो, तो थोडाच अहवाल वाचतोय?"

मी सही केली. एवढी माणसं आपला वेळ फुकट देतात, त्यांचा वर्षाअखेरीला अपमान कशाला, असा विचार केला. खरं सांगायचं तर माझाही अपमान मला नको होता.

पुनाने अहवाल वाचला. त्याची एक प्रत सभासद म्हणून त्याला टपालाने गेली होती. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो भट्टीचा जोड घासत होता. "बसा साहेब," म्हणाला. दोन वर्षांत मी पहिल्यांदा पुन्हा साहेब झालो. बेबाबाईने पाणी दिलं. जेवायचं कोणी विचारलं नाही. मी त्यानंतर जाणं कमी केलं. गुडघे दुखतात असं घरी सांगायचो.

मंडळाने पुढच्या वर्षी नेत्रशिबिरं घ्यायचं ठरवलं. त्यात डॉक्टरमंडळींना वाव होता, फोटोही चांगले यायचे. संस्था कोणी बंद केली नाही. नुसती सोडून दिली. वार्षिक कागद भरायचे राहिले, पासाचं नूतनीकरण राहिलं. १९९२ च्या उन्हाळ्यात तो उतार पुन्हा लिलावात गेला आणि रतिलाल शेठने घेतला.

पुनाला हे कोणी कळवलं नाही. दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे तो आणि सहा घरची माणसं गवत कापायला चढली. रखवालदार आला, त्याने पास मागितला. पुनाने जपून ठेवलेला संस्थेचा कागद दाखवला. त्याची मुदत संपलेली होती. गवत जप्त झालं आणि मुद्देमाल म्हणून मी आखलेली भट्टीही ट्रॅक्टरवर चढली. पुना तीन दिवस कोठडीत होता. ज्या उतारावर त्याने स्वतःच्या नावाने गवत कापलं होतं, त्याच उतारावर तो आता चोर ठरला.

मला हे दीड महिन्याने कळलं. मी वकिलांकडे गेलो. ते शिबिराच्या पत्रिका तपासत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "पण चौधरी, आपण सेवा केली. सेवेला हमी नसते."

"पास तुम्ही त्याच्या नावावरून काढला."

"आणि तुम्ही तिथे बसला होता."



पुना कुठे आहे हे विचारत मी फेब्रुवारीत डोंगराच्या पलीकडे गेलो. रतिलाल शेठच्या भट्टीवर तो होता. जाळ घालायला वेगळी माणसं होती. शेठने त्याला गवत निवडायला ठेवलं होतं. शेठ मूर्ख नव्हता. पेंढ्या येत होत्या आणि पुना एकेक हुंगून डावीकडे-उजवीकडे टाकत होता. मला पाहून उठला. चहा मागवला. भाजलेल्या हातावरची कातडी गुळगुळीत दिसत होती.

मी म्हणालो, "पुनाभाऊ, मी चुकलो. त्या अहवालावर मी सही करायला नको होती. पासाचंही मी बघायला हवं होतं."

त्याने एक पेंढी उचलून हुंगली.

"माझ्यावर राग असेल."

"राग कसाना, साहेब?" त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. "हाऊ शेठ मना बापपाशीन लेत उना. त्यानासंगे मी भांडस. आजबी भांडनू सकाळले, मजुरीवरथून. तुम्ही कै लिधंच नही. कै लेतात तं तुमनासंगेबी भांडतू. फुकट देनाराले मानूस काय म्हनी?"

मग कोणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला. चहा माझ्या हातात निवला.

मी शिरपूरचा एक वकील केला, पैसे देऊन. या वेळी फुकट नको होतं. खटला चार वर्षं चालला. पुना निर्दोष सुटला आणि भट्टी परत मिळाली. कचेरीच्या आवारात चार पावसाळे उघड्यावर राहून तिचा तळ गंजून गेला होता. पासाशिवाय ती चांगली असती तरी काय कामाची? पुनाने ती भंगारात घातली. बैलगाडीवर चढवताना मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या साहेब, तुमना सदरा खराब व्हई."

सहा घरांपैकी दोन आता सुरतेकडे उसतोडीला जातात. पुनाची थोरली पोर नववीत आहे. तिला गवत ओळखता येतं का, असं मी बेबाबाईला विचारलं. ती म्हणाली, "तो शिकाडत नही. शेठनी मजुरी करासाठे कसाले शिकाडवा?"

१९९७ मध्ये मंडळाची दहा वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका छापली, त्यात नव्या भट्टीशेजारी उभ्या असलेल्या पुनाचा फोटो आहे, खाली "यशोगाथा" असं लिहिलंय. मी मंडळाला पत्र लिहिलं. १९९० च्या अहवालातलं वाक्य खोटं आहे, मिश्रण मंडळाने केलं, पुना पावराने ते करू नका असं भर बैठकीत सांगितलं होतं, हे लिहून नोंदीत दुरुस्ती करावी, अशी मागणी केली. खाली सही केली.

आठवड्याने उत्तर आलं. माझ्या प्रदीर्घ निःस्वार्थ सेवेबद्दल आभार मानले होते आणि वर्धापनदिनाला पत्नीसह यावं असं निमंत्रण होतं. दुरुस्तीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी दुसरं पत्र टाकलं आहे.