तक्रार बंद केली कुणी?

मारुंजीच्या आमच्या सोसायटीत ज्ञानदेव साहेबांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही. पाण्याचे पंप, लिफ्ट, जनरेटर सगळं त्यांच्या खात्यात, हाताखाली चौदा माणसं. औशाहून आयटीआय करून आले तेव्हा कासारवाडीच्या भिवाभाऊंनी त्यांना हाताशी धरलं, वायरिंग शिकवलं, सहा महिने घरात जेवू घातलं. पुढे शिष्य साहेब झाला आणि गुरू त्याच्या हाताखाली आला. भाऊ चारचौघांत ‘साहेब’ म्हणायचे, एरवी ‘ज्ञानबा’. मी ऑफिसात तक्रारी नोंदवून घेते, त्यामुळे दोन्ही ऐकलंय.

आमच्या धंद्याची एक खोड सांगते. रहिवाशाची तक्रार ॲपवर आली की चोवीस तासांत बंद झाली पाहिजे. नाही झाली तर ती लाल होते, आणि महिन्याच्या बैठकीत त्या लाल रेघांवरून साहेबांची खरडपट्टी निघते. म्हणून काम होवो न होवो, तक्रार बंद करायची. रोग तसाच, कागद ठणठणीत! हे आम्ही सगळेच करत आलो, मीसुद्धा.

बी विंगची लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबायची. पाचव्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी तीनदा तक्रार केली. तिसऱ्या वेळी भाऊ माझ्यासमोर म्हणाले, “साहेब, लिफ्टवाला आल्याबिगर ही बंद नको.”

साहेब दोन फोनांवर एकदम बोलत होते. “टाका हो बंद करून, भाऊ. माणूस सोमवारी येतोच आहे.”

भाऊंनी आपल्या मोबाइलवरून तक्रार बंद केली. रविवारी लिफ्टमधून बाहेर पडताना कुसुमताई अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

सोसायटीच्या कमिटीनं बैठक बोलावली. भिंतीवरच्या पडद्यावर तक्रार उघडली. बंद करणाऱ्याचं नाव, भिवा.

“काम न करता बंद का केली?” चेअरमननी विचारलं.

भाऊ बोलेनात. साहेबांकडे बघत नुसते उभे राहिले. साहेब मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होते. मीही तोंडाला कुलूप लावलं. त्याची लाज वाटते, पण लावलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंना कामावरून काढल्याचं पत्र निघालं, त्यावर सही खातेप्रमुखाची, म्हणजे ज्ञानदेव साहेबांची.

त्यानंतर साहेबांना घास गोड लागेना. डबा उघडायचे, तसाच झाकायचे. “भाऊंनी मला वाचवलं हो,” एवढंच घोकायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. पाचव्या दिवशी म्हणाले, “एकट्यानं जायचा धीर होत नाही. तुम्ही चला.”

कासारवाडीला भाऊंच्या बायकोनं, चतुराबाईंनी, पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. साहेबांनी भाऊंचे पाय धरले.

“भाऊ, माझ्यासाठी तुम्ही गप्प बसलात. माझी नोकरी वाचवलीत. उद्या मी कमिटीला खरं काय ते सांगतो.”

भाऊंनी पाय मागे घेतले.

“तुला वाचवाया न्हाई गप बसलो, ज्ञानबा,” ते म्हणाले. “म्हनलं, आता बोलंल, आता बोलंल. वाट बघत व्हतो.”