मंगळवारचा मोतिया, शुक्रवारची मलई

जिलानी पेंटरचे डोळे गेले, अशी आवई अख्ख्या गंजगोलाईत उठली होती. कुणी म्हणायचं चुना उडाला, कुणी म्हणायचं मोतीबिंदू. तसं काहीएक नव्हतं. डोळे ठणठणीत होते. बसलिंगप्पा आडत्याशी वाकडं आलं होतं, एवढंच.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेबलोक भाड्यानं घरं शोधत होते, म्हणून बसलिंगप्पानं घरावर माडी चढवली आणि बैठकीला मोतिया रंग ठरवला. साल दुष्काळाचं, टँकर दोन दिवसांआड. जिलानीचाचांनी एकच अट घातली: सगळ्या बैठकीचा चुना एका ड्रममध्ये, एकाच वेळी कालवणार, तेवढं पाणी आधी भरून ठेवा, नाहीतर निम्मी भिंत मलई दिसेल. पाण्याचं नाव काढताच आप्पा भडकला. मोतिया काय न मलई काय, दोन्ही पांढरेच, तुलाच दिसंना झालंय म्हणाला, आणि चौकात तेच सांगत सुटला. चाचांच्या हातची चार कामं गेली. बैठक दुसऱ्या पेंटरनं, व्यंकटीनं रंगवली.

चाचांनी दात खाऊन वास्तुशांतीची वाट पाहिली.

त्या दिवशी माडी बघायला आलेले साहेब पंगतीला बसले होते. चाचा आवतण नसताना इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यात उभे राहिले. भिंतीवरून एकदा नजर फिरवली, कानामागची पेन्सिल काढली आणि पुढं होऊन हात पोचेल तिथपासून जमिनीपर्यंत सरळ रेघ ओढली.

"आप्पा, इथं मंगळवारचा ड्रम सरला. इकडं मोतिया. तिकडं शुक्रवारची मलई. व्यंकटीला विचारा."

व्यंकटीनं पानावरून मान वर न करता हाव म्हटलं. मग ज्याला त्याला फरक दिसायला लागला. साहेबांनी माडी नको म्हटलं, आणि कचेरी रंगवायला कधी येता, असं चाचांना विचारलं. तोंडातली जिलेबी आप्पाला गिळवेना. ती खाली उतरेपर्यंत चाचा समोरून हलले नाहीत.

यात फसलो मी, चाचांच्या हाताखालचा पोऱ्या. दारातून बघून ती जागा सापडायची न्हाई, अशी शर्त मीच चाचांशी लावली होती. आप्पाची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नाही, हे चाचांना ठाऊक होतं. हरल्यावर काय बोलायचं, ते त्यांनी आधीच ठरवून दिलं होतं. सात दिवस मी गंजगोलाईत उभा राहून आप्पासारखं खाकरायचो, धोतराचा सोगा सावरायचो आणि म्हणायचो, "दिसंना मलाच झालंय."