ब्लँक आधी बघणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंची आणि माझी ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. आकुर्डीला मी चढलो. शेजारच्या सीटवरची डब्याची पिशवी उचलून त्यांनी मला जागा दिली आणि चाकण येईपर्यंत माझं गाव, शिक्षण, जेवणाची सोय असं सगळं काढून घेतलं. मीही ऐटीत त्यांना पेप्टाइड मॅपिंग समजावलं: प्रथिनाची लांब माळ एन्झाइमच्या कात्रीनं ठरावीक मण्यांपाशी कापायची, तुकडे वेगळे करायचे आणि आलेखावर नेहमीचीच टोकं उमटतात का ते बघायचं. ताईंनी कौतुकानं मान डोलावली. प्रयोगशाळेत पोचल्यावर कळलं, याच माझ्या साहेब.

ताईंचे वडील इथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. माप घेण्याआधी व्हर्निअरचं शून्य तपासायचं, ही त्यांची सवय ताईंनी आमच्यात आणली. आमचं औषध म्हणजे प्रथिनच; त्याचा आलेख बघण्याआधी ब्लँकचा, म्हणजे प्रथिन न घालता केलेल्या त्याच चाचणीचा आलेख त्यांच्यापुढे ठेवावा लागतो. आम्ही मागून चेष्टा करायचो, ताई लग्नाला गेल्या तरी आधी रिकामं ताट तपासतील.

एकदा औषधाच्या एका बॅचमध्ये आलेखावर जास्तीचं टोक आलं. ब्लँकमध्ये ते नव्हतं. दोष औषधातच, असं आम्ही धरून चाललो. ती बॅच बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख, राजगुरुनगरचे दत्ताभाऊ, दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या सगळ्या माणसांची मेहनत पणाला लागली होती.

"मॅडम, बॅच गेली म्हणायची का?"

"टोक औषधाचं असेल तर गेली, दत्ताभाऊ. नामंजुरीची सही मीच करीन. पण आधी बघू तर द्या."

मग ताईंनी चाचणी करणाऱ्या आमच्या रूपालीला शांतपणे विचारलं, "ब्लँकला एन्झाइम कुठल्या बाटलीतलं घेतलंस?"

"जुन्या. तळाशी थोडं उरलं होतं. रिकाम्या नमुन्यासाठी नवीतलं कशाला घालवायचं?"

औषधाला मात्र तिनं नवीतलंच घेतलं होतं. ताईंनी ब्लँक नव्या बाटलीतून पुन्हा करायला लावला आणि तेच टोक तिथेही उमटलं. एन्झाइम हेही प्रथिनच; नव्या बाटलीतली कात्री स्वतःलाच कापत होती, तिचेच तुकडे आम्हाला दिसत होते. दुसरी चांगली बाटली मागवून सगळी चाचणी पुन्हा केली, तेव्हा आलेख स्वच्छ आला. बॅच वाचली. रूपाली रडवेली झाली होती. ताई तिच्या शेजारी बसून म्हणाल्या, "अगं, उरलेलं आधी संपवायचं हे आपल्या सगळ्यांच्या घरचंच वळण. माझा फ्रिज बघ एकदा." त्या दिवशी अशा बाईंच्या हाताखाली आपण काम करतो, याचा मला फार आनंद झाला.

ताईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतोय म्हटल्यावर दत्ताभाऊंना विचारलं, तुमच्या वतीनं काय लिहू? ते म्हणाले, "आमची बॅच वाचवली असं लिवू नका. बॅच खराब असती तर मॅडमनी तसंच सांगितलं असतं, अन् आमी गुमान ऐकलं असतं. ते लिवा."

लिहिलं, दत्ताभाऊ. आणि ताई, तुम्हाला भरपूर आणि धडधाकट आयुष्य लाभो. कधी तब्येतीच्या रिपोर्टात काही जास्तीचं दिसलंच, तर डॉक्टरांना आधी त्यांचा ब्लँक दाखवायला सांगा. आम्ही सगळे सोबत येऊ.