पहिल्या नंबरचं डाळिंब

लग्न होऊन मी निरवांगीला आले तेव्हा माहेरी मोरगावला सगळ्यांना माझा हेवा वाटला होता. आमच्या रानात ज्वारी, बाजरी आणि चार शेरडं, आणि सासरी मात्र डाळिंबाची बाग. रेश्मा आता दाणे खाऊन लालबुंद होणार, असं मावशी म्हणाली होती. सासरी मी पहिलं डाळिंब खाल्लं ते एका बाजूनं तडकलेलं होतं आणि त्यात मुंग्या होत्या.

माझे सासरे सर्जेराव, म्हणजे आमचे आबा. गाव त्यांना चिकट म्हणायचं. गाव काय, कुणालाही नावं ठेवतं, पण या बाबतीत गावाचं बरोबर होतं. मोठं, बिनडागाचं, रंगाला भरलेलं ते पहिल्या नंबरचं डाळिंब. ते व्यापाऱ्याच्या गाडीत जायचं. बारकं ते दुसऱ्या नंबरचं, ते बाजारात. आणि तडकलेलं, डागाळलेलं, पाखरानं टोचलेलं ते घरच्यांचं. या वाटणीत कधी बदल झाला नाही. मी गरोदर होते तेव्हासुद्धा नाही.

चहाची पावडर कपाटात आणि कपाटाची किल्ली आबांच्या करदोट्याला. पाहुणा दारात दिसला की आबा आधीच विचारायचे, चहा घेऊनच निघाला असाल ना? दिवाळीत ओट्यावर एकच पणती. मी दुसरी लावायला गेले तर म्हणाले, पहिलीच्या उजेडात काय दिसंना तुला? माझे यजमान रणजित म्हणजे गरीब गाय. आबा म्हणतील तसं, एवढं एकच वाक्य त्यांना येतं असं मला बरेच दिवस वाटायचं.

आबा वाईट माणूस होते असं नाही. दुष्काळात दुसऱ्यांच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा यांनी खांद्यावरून पाणी वाहून झाडं जगवली. व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जे जपलं ते कशासाठी जपलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर चहाच्या किल्लीपायी नाही, द्वारका आत्यांपायी यायचा.

द्वारका आत्या आबांची थोरली बहीण, निमगाव केतकीला दिलेली. आई लवकर गेल्यामुळं आबा त्यांच्याच कडेवर वाढले. पुढं जमिनीच्या हक्कसोडीवर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी एका शब्दानं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की मला काय नको, माझं माहेर तेवढं राहू द्या. आपल्याकडं बहुतेक बहिणी हेच म्हणतात आणि सही करतात. बदल्यात माहेरचं दार उघडं राहतं, असा तो न लिहिलेला व्यवहार.

माझ्या लग्नाच्याच वर्षी आत्या दिवाळीला आल्या होत्या. त्यांचे यजमान दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी डाळिंब द्यायला सांगितलं होतं. निघताना त्यांनी बागेतून स्वतःच्या हातानं थोडी फळं तोडून पिशवीत घातली. स्वतःचंच माहेर, विचारायचं कुणाला? आबांनी ओट्यावर पिशवी पाहिली, ती चांगली फळं बाहेर काढली आणि तडकलेली आत भरली. आवाज चढवला नाही. म्हणाले, उद्या गाडी भरायची आहे, घरच्यांना ही चालतात. आत्यांनी पिशवी ओट्यावर पालथी केली, घडी घालून काखेत मारली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसल्या. मी मागं धावले, पण नवी सून काय बोलणार. त्या माझ्या गालाला हात लावून गेल्या त्या परत आमचा उंबरा चढल्या नाहीत. आत्यांचे यजमान वारले तेव्हा आबा मातीला जाऊन आले. तरी आत्या आल्या नाहीत आणि आबांनी बोलावलंही नाही. बोलावलं असतं तर साडी घ्यावी लागली असती, असं मी रागानं रणजितना म्हणायची.

अशी वर्षं गेली. मागच्या दिवाळीच्या तोंडावर विजयसिंह तात्या वारले. सगळ्या गावात आबांचं पटायचं ते याच एका माणसाशी, कारण तात्या त्यांच्यापेक्षा चिकट. दोघं पारावर बसून लोक किती उधळे झालेत यावर बोलायचे, तंबाखू मात्र आपापली खायचे.

दहाव्याला आम्ही सगळे नीरेच्या काठावर गेलो. विधी झाला, पिंड मांडला, त्याच्यापुढं जेवणाचं पान ठेवलं आणि माणसं मागं सरली. समोरच्या बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना. मेलेल्याचं मन कशात तरी अडकलेलं असलं की कावळा शिवत नाही. मग घरचे पुढं होऊन एकेक शब्द देतात आणि मनातलं नेमकं बोललं गेलं की तो झेप घेतो. तात्यांचा मोठा मुलगा हात जोडून म्हणाला की जमीन विकणार नाही. कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, विहीर बुजवणार नाही. सुनेनं म्हशींचं सांगितलं. कुणीतरी ट्रॅक्टरचंही बोलून पाहिलं. ऊन चढत चाललं, भटजी घाम पुसायला लागले आणि माणसं एकमेकांकडं बघायला लागली. घरच्यांचं बोलायचं संपलं होतं. या माणसाला काय हवं होतं, हे त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी मोठ्या मुलानं आबांना पुढं बोलावलं. तुमचं रोजचं उठणं-बसणं, तुमीच सांगा, म्हणाला. आबा पिंडापुढं गेले. हात जोडले, तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. माझे सासरे शब्दाला अडलेले मी पहिल्यांदा पाहिले. मला त्यांची दया आली, हेही पहिल्यांदाच. मग तसेच मागं आले. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि लोक जेवायला पांगले.

रणजित तात्यांच्या मुलांना मदत करायला थांबले. मी आणि आबा पायवाटेनं घरी निघालो. आबांनी जेवणही टाळलं होतं, आणि फुकटचं जेवण आबा टाळत नाहीत. उसाच्या कडेनं बरंच चालल्यावर ते मागं न बघता म्हणाले, "माझ्या टायमाला काय म्हणशीला तुमी?"

इतक्या वर्षांचं माझ्या ओठावर होतंच.

"तुमच्या टायमाला अडायचं न्हाय आबा. मला पाठ हाय. आत्याला दिवाळीला बोलावतो, असं म्हणू. शब्द पुरा व्हायच्या आत शिवंल कावळा."

आबा थांबले. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण ते पुन्हा चालायला लागले. त्यानंतर घरात आत्यांचं नाव निघालं नाही. पाडवा झाला, ओट्यावर एकच पणती लागली, आणि मी मनाशी म्हटलं, की हा दगड काही पाझरायचा नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी गोठा उरकून आले तर आबा बागेतून क्रेट उचलून आणत होते. व्यापारी यायला अजून अवकाश होता. क्रेटमध्ये बागेतली सगळ्यात देखणी फळं होती. त्यात मध्येच तडकलेलीही होती. मी बघते आहे म्हटल्यावर आबा ओशाळले. म्हणाले, घरच्यांसाठी तसलीच घ्यायची हाताला सवय लागलीय, तू निवड. मी चुलीपुढची कामं टाकून निवडायला बसले. रणजितना गाडी काढायला सांगितली. मी मागं राहणार होते, तर आबा म्हणाले, "तू बी चल. मला एकट्याला दारातनंच लावंल ती."

निमगावात आत्या अंगणात बसून शेंगा फोडत होत्या. केस पार पांढरे झालेले. त्यांनी आम्हा दोघांना या म्हटलं. आबांना काही म्हणाल्या नाहीत. आबांनी क्रेट त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः उंबऱ्याच्या अलीकडंच, पायरीवर बसले.

"इकायला आणलीस व्हय?" आत्या म्हणाल्या.

"न्हाय आक्का. तुला आणली."

आत्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. क्रेटमधून एक डाळिंब उचललं, सगळीकडून फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. त्या प्रत्येक फळ उलटंपालटं करून बघत होत्या. फळ बिनडागाचं निघालं की माझा जीव भांड्यात पडायचा. क्रेट रिकामा होत आला. तळाशी हात घालून आत्यांनी जे फळ काढलं ते देठापासून तडकलेलं होतं. माझ्या नजरेतून सुटलेलं.

एवढ्या वर्षांनी माणूस दारात आला आणि एका फळापायी सगळं मातीमोल होणार. मी काही बोलणार एवढ्यात आबा उठले आणि त्यांनी आत्यांच्या हातातून ते फळ काढून घेतलं.

"ते माझं," म्हणाले. "मी असलंच खातो."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. "आन् चांगलं?"

"चांगलं कशाला खायचं, ते गाडीत जातं."

"कंदीच खाल्लं न्हाईस व्हय रं सर्जा?"

आबांनी मान हलवली. माझ्या तोपर्यंत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला तडकलेलं देतात हे दिसायचं, पण ते स्वतः काय खातात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. उभी हयात डाळिंब पिकवलं आणि त्याची खरी चव त्या माणसाला माहीत नव्हती.

आत्यांनी त्यांच्या हातातलं तडकलेलं फळ घेऊन अंगणापलीकडं भिरकावलं. पुढ्यातलं सगळ्यात मोठं डाळिंब पायरीवर आपटून फोडलं, दाणे मुठीत काढले आणि म्हणाल्या, आ कर. सत्तरी गाठलेल्या आबांनी बहिणीपुढं बसून तोंड उघडलं. खाता खाता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ग्वाड हाय," आबा म्हणाले, जणू आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग आत्याही रडल्या, आणि मी तर केव्हाची रडत होते. ओवाळायला बसवल्यावर लक्षात आलं की आबांनी ओवाळणीला काहीच आणलेलं नाही. आत्या ताट हातात धरून थांबल्या होत्या. आबांनी खिसे चाचपले, मग म्हणाले, "आक्का, घरी चल. तुझ्या हातानं तोड. मी पिशवी धरतो."

आत्या आमच्याबरोबरच आल्या. पुढच्या सीटवर बसून, डोक्यावरचा पदर सावरत, निरवांगीचा शिवार आला की नाही हे सारखं विचारत होत्या. मनासारखं राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आबांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली, थोरल्या बहिणीला नाही कोण म्हणणार, आणि ती माझ्या हातात दिली. ती अजून माझ्याकडंच आहे. यंदा बागेतला पहिला क्रेट निमगावला गेला, दुसरा आमच्या स्वयंपाकघरात आला. माझ्या माहेरीही गेला एक.

आबा अगदी बदलले असं म्हणणार नाही. यंदाच्या दिवाळीला पणत्या दोन लावायच्या म्हणतात, दोनच. परवा तात्यांचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा आत्याही दिवाळीसाठी आमच्याकडं आलेल्या होत्या. नदीवरून परतताना आबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आता काय म्हणशीला म्हणून.

मी विचार करून पाहिला. खरंच काही आठवेना.

"काय म्हणावंच लागायचं न्हाय आबा," मी म्हणाले. "पिंड ठिवला की शिवंल."

आबा बांधावर थांबले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. घर दिसायला लागल्यावर म्हणाले, आक्का वाट बघत असंल, गेल्या गेल्या चहा ठेव. आणि चार पावलं गेल्यावर परत वळून म्हणाले, पावडर जरा बेतानं टाक.