गोड लागलेला जव

मटकीला मोड आले की फडक्यातून येणारा ओला वास मला अकोल्याच्या त्या प्रयोगाच्या शेतात घेऊन जातो. मॅडम माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवायच्या दाण्यासाठी, जवाचं नवं वाण तयार करत होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. माल्टसाठी भिजवलेला दाणा लवकर आणि एकसाथ उगवावा लागतो, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं तशीच रोपं निवडली होती. काढणीच्या तोंडावर झिमझिम पाऊस झाला. सकाळी ओंब्या पिवळ्याधमक दिसत होत्या, काळी माती बुटांना चिकटत होती आणि वारा अगदी पडला होता. मी सहज एक दाणा चावला आणि म्हणालो, "मॅडम, यंदा जव गोड लागतो." त्यांनीही चावून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "गोड लागतो म्हणजे आतून उगवायला लागलाय. काढणीपर्यंत दाण्यानं झोपून राहायला हवं. लवकर उगवणारा निवडता निवडता आपण त्याची झोपच हिरावून घेतली." हेच बियाणं मोझरीकडच्या एका शेतकऱ्यानं आमच्या शब्दावर पेरलं होतं. मॅडमनी तिथूनच त्याला फोन लावला. "भाऊ, आजच कापा." तो निवांतपणे म्हणाला, "काहून घाई करता, मॅडम? पीक मस्त हाये. आता पाऊस येऊन राह्यला, थांबला की कापतो." पाऊस आठवडाभर थांबला नाही. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या उभ्या ओंब्यांतून हिरवे कोंब बाहेर आले होते. त्यानं एक ओंबी मॅडमच्या हातात ठेवली. "तुमीच सांगा, याले पीक म्हनू का पेरनी?" आज वाण मी निवडतो, आणि कुणी बियाणं मागितलं की मला पटकन हो म्हणवत नाही.