सुतकातला बार

दसऱ्याला बंदूक उडवायची, ही आमच्या सासरची हौस. मेली ती बंदूक! आजेसासऱ्यांनी वऱ्हाडात शेतातली डुकरं हाकायला घेतलेली, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्या कोंबायच्या, गजानं ठासायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत लागले तेव्हा ती भिलाईजवळ चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. शस्त्रपूजा झाली की अंगणातून आभाळाकडे एक बार. क्वार्टरांची सारी लाइन पाहायला यायची.

आमचे हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात वेल्डर. पहिली भट्टी उभी होऊन राहिली होती तेव्हा. काळी काच तोंडासमोर धरल्याशिवाय हे ठिणगीकडे बघायचे नाहीत. "आपली भाकर डोळ्यावर हाये," म्हणायचे. कामावर एवढी काळजी, अन् घरी बापापुढे सारी अक्कल खुंटीला टांगलेली!

मी या घरात येण्याआधीच्या दसऱ्याची गोष्ट, मला मागून कळली. मामाजींनी सकाळीच बार भरून बंदूक पूजेला मांडली, आणि गावाहून तार आली. चुलतसासूबाई गेल्या. सुतक लागलं. सुतकात बार उडवायचा नाही, आणि पूजेला मांडलेला बार उपसायचाही नाही, असा या घराचा नेम. बंदूक धोतरात गुंडाळून माळ्यावर गेली, भरलेलीच. वर्षभरात सारे विसरले.

मग माझा पहिला दसरा आला. यांनी पुन्हा दारू ओतली, चिंध्या कोंबल्या, ठासलं. आधी नळीत नुसता गज सोडून बघायचा असतो, तो तळाला टेकतो की नाही. कोणी बघितलं नाही. ठासताना गज नेहमीपेक्षा वीतभर वर राहिला, तरी कोणी विचारलं नाही की कावून. घोडा पाडला तर नुसती घोड्याखालची ठिणगीची टोपी फुटली, बार काही उडाला नाही. मामाजी म्हणाले, "दारू सादळली असन. अजून टाक थोडी." यांनी टाकली. बापाचा शब्द ना!

नवी टोपी चढवून, वाकून तिथंच बघत यांनी पुन्हा घोडा पाडला, आणि नळी फुटली.

आवाज झाला आणि हे खाली बसले, दोन्ही हात तोंडावर. बोटांमधून रक्त येत होतं. अजून मला राग येतो, नेमका कोणाचा ते कळत नाही. त्या मेलेल्या बाईचाही येतो, देवा, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

दवाखान्यात कितीतरी दिवस गेले. एक दिवस डॉक्टरांनी डोळ्यांवरची पट्टी सोडून तपासलं, पुन्हा बांधली आणि मान हलवली. तेव्हा मामाजी बोलले, "मागच्या सालचा बार पोटातच होता वो. मीच भरला होता." आणि डॉक्टरांचे पाय धरले. "माझे डोळे काढा, याले लावा. मले काय करायचे आता?"

डॉक्टर त्यांना उठवू लागले. खाटेवरून हेच म्हणाले, "बाबा, तुमचे घेऊन मी काय करू? तुमाले तर मोतीबिंदू हाये." आणि मी नव्हते त्या बाजूला तोंड वळवून मला विचारलं, "काय वं, खरं हाये का नाही?"

मामाजी फरशीवर बसून लेकरासारखे रडत होते. हे तसंच तोंड वळवून वाट पाहत राहिले.

मी हसले. यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं हसले.