कॉफीचा कोळसा, खारे पाणी

बहिणीच्या गावी पाणी कसे आहे हे तुरीची डाळ सांगते. भातकुली तालुक्यातला तो पट्टा खारपाणाचा. तिथली जीभ जन्मापासून सरावलेली असते, म्हणून तिची साक्ष कोणी काढत नाही. विहिरीच्या पाण्यात डाळ दुपारभर उकळली तरी दाणा फुटत नाही. पुष्कळ घरांत आरोच्या पाण्याची कॅन डाळीसाठी राखून ठेवतात आणि पिण्यासाठी विहिरीचेच वापरतात.

बहीण माझ्याहून मोठी. तिला आम्ही बाई म्हणतो. तिच्या मूत्रपिंडांचे काम मंदावले आहे आणि खाऱ्या पाण्याचा एक पेलाही पोटात जाता कामा नये, असे अमरावतीच्या डॉक्टरांनी मागे स्पष्ट सांगितले. तेव्हापासून तिच्याकडे पिण्यालाही कॅन येऊ लागली. पुढचे सगळे त्या पेल्याभोवती घडले.

तिचा एकुलता मुलगा पुण्याची नोकरी सुटल्यावर मी राहतो त्या अकोल्याला आला आणि जठारपेठेत त्याने कॉफीचे दुकान थाटले. चहा पिणाऱ्या गावात कॉफी विकू नकोस, असे मी त्याला सांगितले होते. दुकान चालले. गावाकडे मात्र त्याला अजूनही ‘पुण्याहून परत आलेला’ असेच म्हणत, आणि ते त्याला लागत असे.

दुकानातून रोज बादलीभर चोथा निघे. तो नालीत जाई आणि नाली तुंबे. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेला माणूस. हात रिकामे होते. एका ड्रममध्ये दुसरा ड्रम बसवून मी भट्टी केली. गच्चीवर पातळ पसरून वाळवलेला चोथा आतल्या ड्रममध्ये भरायचा, झाकण घट्ट आवळायचे आणि बाहेरच्या पोकळीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या. आतला वायू बुडाच्या छिद्रांतून बाहेर येऊन स्वतःच जळू लागतो. त्यानंतर माणसाला एकच काम उरते, झाकणाला हात न लावण्याचे. गरम असताना उघडले तर हवा लागून राख होते. थंड झाल्यावर उघडले तर काळा, हलका, बोटांत चुरणारा कोळसा मिळतो. तो कोरडाच मातीत घातला तर पिकाचा घास स्वतः खातो. म्हणून आधी शेणकाल्यात मुरवावा लागतो. तसा मुरवून मी तो परसातल्या वांग्यांना दिला. वांगी बरी आली. याहून अधिक काही मी त्या कोळशाबद्दल कधी म्हटले नाही.

अधिक म्हटले ते भाच्याने. एकदा मी कोळसा भरलेल्या चाळणीवर हात धुतले. खाली पडलेले पाणी त्याने पेल्यात धरून उजेडाकडे नेले.

“मामा, पाहा! काचेसारखं झालं.”

“गढूळपणा गेला. वासही जाईल. खार जाणार नाही.”

“काहून नाही जाणार?”

“मीठ पाण्यात विरघळलेलं असतं. हा कोळसा त्याले धरत नाही.”

“तुमी लोखंडातले मानूस, मामा. पाण्यातलं तुमाले काय समजते?”

मी दोन तवे तापवले. एकावर बाईच्या विहिरीचे पाणी ओतले, दुसऱ्यावर तेच पाणी कोळशातून गाळून. दोन्ही आटले. दोन्हींवर सारखाच पांढरा थर राहिला. त्याने दोन्ही तव्यांवरून बोट फिरवले आणि तवेच जुने आहेत असा निकाल दिला. तो लबाड नव्हता. आईसाठी काही केल्याचे समाधान त्याला हवे होते, आणि ते माझ्या तव्यावर मिळत नव्हते.

महिन्याभरात बाईच्या माजघरात निळा पिंप आला. तळाला गिट्टी, वर रेती, तिच्यावर माझ्या भट्टीतला कोळसा, बाहेर तोटी. कॅन बंद केली, असे बाईने त्याला सांगितले. मी गेलो तेव्हा तिने त्याच तोटीचे पाणी पुढे केले. मी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“खारट आहे, बाई.”

“तुह्या जिभेलेच खार हाये. लहानपणापासून.”

पुढे एका रविवारी भाच्याने शेजारच्या बायकांना बाईच्या अंगणात बोलावले. मलाही बोलावले, भट्टीवाला म्हणून. त्याने विहिरीचे गढूळ, वास येणारे पाणी पिंपात ओतले आणि तोटीखाली पेला धरला. पेला हातोहात फिरला. वास गेलेला असल्यामुळे पाणी खरोखरच बरे लागत होते.

“गोड हाये व माय!”

“आमच्याकडे कधी बसवतं रे, बाबू?”

“मावशी, सगळ्याइकडेच बसवतो. मामा हायेत ना कोळसा द्याले.”

हे ऐकल्यावर गप्प राहणे मला शक्य नव्हते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “डाळ लावा.”

या बायकांना तव्यावरचा थर दाखवून उपयोग नव्हता. डाळ त्यांना कळत होती. एका म्हातारीने मान हलवली. “बराबर बोलला भाऊ. डाळ शिजली त पाणी खरं.”

भाचा हसला. त्याला खात्री होती. “लावा ना! आई, आण गंज.”

बाईने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला तेव्हा कळले नाही. ती डाळीचे पातेले घेऊन आत गेली, पाण्याने भरून आणले आणि अंगणातल्या चुलीवर ठेवले. डाळ धुऊन घातली. बायका गप्पा मारीत बसल्या. मी चुलीकडे पाहत बसलो. डाळ फुगली, फुटली आणि घोटण्याआधीच विरघळू लागली. म्हातारीने दाणा बोटांत धरला; तो लोण्यासारखा दबला.

“शिजली व बाई!”

भाचा माझ्याजवळ आला. “मामा, आता बोला.”

मी हात धुण्याच्या निमित्ताने आत गेलो. माजघरामागच्या खोलीत गव्हाच्या कोठीआड कॅन आडवी पडली होती. रिकामी. तोंड ओले, झाकण जमिनीवर.

बाई मागे येऊन उभी होती.

“म्हणजे कॅन चालूच आहे,” मी म्हणालो.

“डाळीपुरती. तो रविवारी जेवाले येते. कडक डाळ वाढू काय त्याले?”

“आणि पिण्याले?”

“त्याचंच. त्यानं केलेलं दुसरं कोन पेईल?”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टरले पोरगं नसंल.” तिने झाकण उचलून कॅनवर बसवले. “इतक्या दिवसांनी गावात मान वर करून उभा हाये. तुले पाहवत नाही काय?”

“उद्या ह्या साऱ्या बाया पिंप बसवतील.”

“गाव जनमभर खारंच पेऊन राह्यलं. आनखी पेईल. तू बाहेर जाऊन एक शब्द बोलशील त माह्या उंबऱ्यात येऊ नको.”

मी बाहेर गेलो. भाचा बायकांची नावे विचारून घेत होता. तिला त्या अंगणात खोटी ठरवणे माझ्याच्याने झाले नाही, आणि गावाला ते पाणी पाजणेही मान्य नव्हते. अकोल्याला परतल्यावर मी गॅस कटर काढला आणि भट्टी कापली. दोन्ही ड्रमांचे पत्रे भंगारवाल्याने नेले. भाचा बादली घेऊन आला तेव्हा अंगणात फक्त काळा डाग होता.

“हे काहून केलं, मामा?”

“कोळसा होणार नाही. चोथा दुसरीकडे टाक.”

“माह्यानं काही चांगलं झालं त तुमच्या पोटात काहून दुखते?”

मी डागावर माती ओढू लागलो. खरे उत्तर त्याच्या आईचे होते. तो बादली तशीच घेऊन गेला आणि नंतर घरी आला नाही. नातेवाइकांत माझ्याबद्दल काय बोलले जाते ते मला पोचते. म्हाताऱ्याला भाच्याचे यश सहन झाले नाही, असा त्याचा सारांश आहे.

अशी भट्टी करून देणारे कारागीर अकोल्यात पुष्कळ आहेत. त्याने एकालाही गाठले नाही. शेजारणींचे पिंप आज नाही उद्या असे करीत राहूनच गेले. कधीतरी, आई घरी नसताना, त्याने स्वतः डाळ लावून पाहिली असावी, असा माझा अंदाज आहे. विचारलेले नाही. कॉफीचा चोथा आता घंटागाडीत जातो.

भाऊबीजेला बाईकडे गेलो. निळा पिंप जागेवर होता, पुसून स्वच्छ, तोटी कोरडी. त्याच्या शेजारी कॅन उघड्यावर ठेवलेली होती. बाईचे पाय सुजलेले होते; पाटावरून उठताना तिने भिंत धरली. भाचा समोर जेवत होता. बाईने आम्हा दोघांना वरण वाढले. डाळ मऊ होती. तिने कॅनमधून तीन पेले भरले आणि एक स्वतःपुढे ठेवला.